एकट्या माणसाचा कप

मुलीने मला तिच्या फिल्ममध्ये घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणालो. हा नकार अगदी मनापासूनचा होता आणि तो हातातला चहा संपेपर्यंत टिकला. मग कप खाली ठेवत, सहज आठवल्यासारखं मी विचारलं, "पण इतक्या लोकांत मीच का गं?"

अशा वेळी बापाला काय ऐकायचं असतं ते सांगायला नको. दाढी करताना मान जराशी डावीकडे वळवली की माझ्या चेहऱ्यात काहीतरी आहे, असं मला कॉलेजपासून वाटत आलंय. ते आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, हा ज्याच्या त्याच्या नजरेचा दोष. निदान पोटच्या पोरीच्या लक्षात आलं असेल, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

"मला असा माणूस हवाय बाबा," ती म्हणाली, "ज्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही."

स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. समोरचा माणूस जळालेल्या फ्रिजची कहाणी डोळ्यांत पाणी आणून सांगत असतो आणि आपण 'बघू, कळवू' असा चेहरा धरून बसायचं असतं. हा चेहरा एका दिवसात येत नाही, कमवावा लागतो. आमचे साहेब म्हणतात, तुमच्यासारखा चेहरा सबंध ऑफिसात नाही. ऑफिसात हे ऐकायला बरं वाटतं, घरात नाही. तरीही मी हो म्हणालो, कारण प्रकरण माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठं होतं.

मुलगी फिल्म बनवायला शिकते. या वर्षी वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या फिल्मची फक्त सुरुवात करून दाखवायची होती, दोन-तीन मिनिटांची. त्यातल्या मोजक्या सुरुवाती सर निवडणार आणि त्यांच्या पूर्ण फिल्म कॉलेज करून देणार. ज्यांची निवड होणार नाही त्यांनी इतरांच्या फिल्मवर पडेल ते काम करायचं. गेल्या वर्षी आमच्या मुलीच्या वाट्याला वायरी गुंडाळायचं काम आलं होतं. दिवसभर वायरी गुंडाळून ती घरी यायची आणि जेवताना गप्प बसायची. आमची मुलगी गप्प बसते म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाच माहीत. एकदा फक्त म्हणाली, "आई, मी वायरी फार छान गुंडाळते म्हणे. सर म्हणाले." आणि ताटावरून उठून हात धुवायला गेली. तेव्हापासून मला इस्त्रीची वायरसुद्धा बघवत नाही.

तेव्हा यंदा सुरुवात चांगली व्हायलाच हवी होती. तिने ती आम्हाला वाचून दाखवली. एक एकटा माणूस संध्याकाळी जिना चढून घरी येतो. स्वतःपुरता चहा करतो. पेपर वाचत बसतो. घरात दुसरं कुणी नाही. आणि टेबलावरचा कप आपोआप सरकतो. अंधार. मग फिल्मचं नाव.

"एवढंच?" बायको म्हणाली. "यात घाबरायचं काय?"

"आई, घरात कुणी नाहीये आणि कप सरकतोय!"

"मग टेबल पुसलं नसेल नीट. ओलं असलं की सरकतो."

दिग्दर्शिकेने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. पुढच्या दिवसांत तिला हा श्वास बऱ्याचदा लागणार होता.

साधनसामग्री म्हणाल, तर कॉलेजचा कॅमेरा शनिवार-रविवारपुरता मिळणार होता आणि सोमवारी सकाळी तो परत करायचा होता. घर आमचं, दिवा माझ्या टेबलावरचा, नट मी. कॅमेरा चालवायला मुलीची मैत्रीण येणार होती. ही मैत्रीण फारशी बोलत नसे. कॅमेऱ्याला डोळा लावून मधूनच 'फोकस' एवढंच म्हणायची. आम्ही आपसात तिला फोकसच म्हणू लागलो आणि एकदा बायकोने चुकून तसंच बोलावलं, तर तिने शांतपणे ओ दिली.

पहिली अडचण धुळीची. एकट्या माणसाच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर धूळ हवी, म्हणून मुलीने आठवडाभर ती जपून वाढवली होती. कपाटाच्या वरच्या फळीवर एक चांगला राखाडी थर जमला होता. तिच्या आईला तिकडे फिरकू द्यायचं नाही, ही जबाबदारी माझ्यावर होती; पण मला ऑफिस असतं. शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो तर दारातच डोळे दिपले. पडदे धुतलेले, खिडक्यांच्या काचा पुसलेल्या, टेबलावर नवं कापड आणि त्यावर फुलदाणी. फळीवरची धूळ अर्थातच गेलेली.

"आई, हे काय केलंस?" मुलगी रडायच्या बेतात आली.

"म्हणजे? उद्या बाहेरची माणसं घरात येणार, कॅमेऱ्यात कोपरा न् कोपरा दिसणार. बघणारे काय म्हणतील? या घरात कुणी बाई आहे की नाही?"

"नाहीच आहे! तीच तर गोष्ट आहे!"

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, "का बरं? मी कुठे गेले?"

"तू कुठे गेली नाहीस गं. गोष्टीत आई नाहीच आहे. तो एकटाच आहे."

"एकटा आहे आणि चहा करतो?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा?"

यावर मी चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही. बायको मात्र त्या संध्याकाळी जरा दुखावलेलीच होती. गोष्टीत आपण नाही, एवढंच नव्हे तर आपल्यावाचून त्या माणसाचं सगळं चाललंय, हे तिला पटत नव्हतं. शेवटी धुळीच्या जागी पावडर भुरभुरवायचं ठरलं. ती पावडर बायकोने शनिवारी दुपारपर्यंत तीनदा पुसली. मुद्दाम नव्हे. तिचा हात तिथून जाता जाता आपोआप पुसतो. कपाटावरची धूळ, टेबलावरचं पाणी, रिकामा कप, यांतलं काहीही तिच्या वाटेत आलं की तिथे टिकत नाही आणि आपण ते केलं हे तिलाही ठाऊक नसतं.

दुसरी अडचण इमारतीचे सचिव. निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ पूर्ण वेळ सचिव आहेत. मी जिना चढतानाचा एक शॉट आहे, एवढं त्यांच्या कानावर घालावं म्हणून गेलो, तर म्हणाले, "अर्ज द्या."

"कशाचा?"

"जिना वापरण्याचा."

"अहो, मी रोजच वापरतो."

"रोज तुम्ही स्वतः म्हणून वापरता. उद्या दुसरा माणूस म्हणून वापरणार."

विम्याच्या नोकरीत इतकी वर्षं काढली, पण असा मुद्दा मला एकाही दाव्यात सापडला नव्हता. मी मुकाट्याने अर्ज लिहिला. तो वाचून त्यांनी चष्मा काढला.

"भयपट म्हणता. मग भूत कितव्या मजल्यावर?"

"आमच्याच घरात."

"कायमचं, की तात्पुरतं? पाहुणा जास्त दिवस राहिला तर समितीला कळवावं लागतं."

"अहो, ते दिसतसुद्धा नाही."

"तेच वाईट. दिसणाऱ्याकडून निदान पार्किंगचे तरी घेता येतात. आणि उद्या बोभाटा झाला की या इमारतीत भूत आहे, तर फ्लॅटचे भाव काय होतील? तुम्ही विमावाले, तुम्हाला कळायला पाहिजे."

बरीच घासाघीस होऊन परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. एक, बंद पडलेली लिफ्ट चित्रात दिसता कामा नये. आणि दोन, चित्रीकरणाच्या वेळी सचिव स्वतः देखरेखीला हजर राहणार. त्याप्रमाणे ते शनिवारी इस्त्रीचे कपडे घालून जिन्यात आले आणि लिफ्टच्या दारापुढे, ती दिसू नये म्हणून, हात पसरून उभे राहिले. "काका, तुम्ही दिसताय," मुलगी म्हणाली. ते थोडे सरकले. मग लिफ्ट दिसू लागली. ते परत आले. असं होता होता एकटा माणूस इतक्या वेळा जिना चढला की शेवटच्या शॉटमधला माझा थकवा पूर्णपणे अस्सल आहे. त्यात उजवीकडे एक कोपर दिसतं. ते सचिवांचं.

तिसरी अडचण वरच्या मजल्यावरचे काका. तरुणपणी एका नाटकात त्यांनी तिसऱ्या शिपायाचं काम केलं होतं. पहिल्या दोन शिपायांना संवाद होते, यांना नव्हते. पण त्या मौनावर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य व्याख्यानं दिली आहेत. मी नट झाल्याचं कळताच ते खाली आले.

"पेपर वाचताय म्हणता. पण बातमी कुठली?"

"कुठलीही. कॅमेऱ्यात अक्षरं दिसत नाहीत."

"इथेच नवशिका फसतो! बातमी नक्की करा. ती मनापासून वाचा. नुसता कागद धरून बसलात तर प्रेक्षकाला लगेच कळतं."

मला ते पटलं. कलेच्या बाबतीत आपण जाणत्याचं ऐकतो. मी शहरातल्या पाणीकपातीची बातमी निवडली आणि पहिल्याच टेकला मन लावून वाचू लागलो.

"कट! बाबा, काय होतंय तुम्हाला?"

"पाणीकपात."

"चेहरा आधीसारखा करा ना, प्लीज."

म्हणजे माझा अभिनय दिसला होता, फक्त तो कुणाला नको होता. मग मी पाणीकपात सोडून त्याच पानावरचं शब्दकोडं घेतलं. कोडं सोडवताना माझ्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, हे घरच्यांना माहीत आहे.

रविवारी सकाळी आणखी एक गोंधळ झाला. सुट्टी असो की आजारपण, मी रोज दाढी करतो. ही शिस्त माझ्या वडिलांकडून आली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण एकट्या माणसाची दाढी वाढलेली हवी म्हणून मुलीने मला आधीचे काही दिवस ती करू दिली नव्हती. रविवारी सवयीने मी उठलो, अर्धवट झोपेत ब्रश फिरवला आणि गुळगुळीत होऊन बाहेर आलो. शनिवारी दाढीवाला माणूस जिना चढला होता. रविवारी घरात भलताच कुणीतरी शिरणार होता. दिग्दर्शिकेने माझ्याकडे पाहिलं आणि तो दीर्घ श्वास घेतला. मग चित्रकलेची मऊ पेन्सिल आणून तिने माझ्या गालांवर दाढी काढली. बायको म्हणाली की मला काहीतरी झाल्यासारखं दिसतंय. सचिव वहाणा काढून आत आले होते, ते म्हणाले, भूत हेच का?

मग खिडक्यांना ब्लँकेटं लावून दिवसाची संध्याकाळ केली. आत भट्टी झाली. समोरच्या इमारतीतून कुणीतरी फोन करून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. टेबलाचा दिवा, भाड्याने आणलेला मोठा दिवा आणि बायकोने आत लावलेली इस्त्री, या तिघांनी मिळून फ्यूज उडवला. या सगळ्यात दुपार कशी गेली कळलं नाही, आणि खरी गोष्ट, म्हणजे कपाचं सरकणं, अजून व्हायचंच होतं.

त्याची युक्ती सोपी होती. कपाच्या कानाला बारीक दोरा बांधायचा आणि टेबलाखाली बसून मुलीने तो ओढायचा. पहिल्यांदा दोरा दिसला. दुसऱ्यांदा दोरा दिसला नाही, पण कपही हलला नाही. तिसऱ्यांदा कप हलला, टेबलाच्या कडेपर्यंत झोकात गेला आणि माझ्या मांडीवर आडवा झाला. यात चहा खरा होता आणि गरम होता. कपात नुसतं रंगाचं पाणी घालू, असं मुलगी आधी म्हणाली होती. पण बायकोने ते साफ धुडकावलं होतं. "माझ्या घरात खोटा चहा मिळणार नाही." त्यामुळे प्रत्येक टेकला ताजा चहा यायचा, आणि प्रत्येक टेकला तो मला प्यावा लागायचा, कारण सुरुवातीलाच माणूस घोट घेतो असं लिहिलेलं होतं. चार-पाच कपांनंतर एकट्या माणसाला वारंवार उठून आत जावं लागू लागलं. भीतीचं वातावरण त्याने काही टिकत नव्हतं.

तिसरा शिपाई चुंबक घेऊन आला. कप चिनी मातीचा आहे हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर त्यांनी चुंबक पुन्हा खिशात घातला आणि म्हणाले, "कप सरकणं महत्त्वाचं नाही. तुमचं दचकणं महत्त्वाचं." मी दचकून दाखवलं. फोकस म्हणाली, "फोकस." मला वाटतं तिने टीकाच केली.

ब्लँकेटांपलीकडे खरंच संध्याकाळ झाली. कॅमेऱ्याची बॅटरी लाल दाखवू लागली आणि चार्जर कॉलेजात राहिला होता. मुलगी टेबलाखालून बाहेर आली. केसांत जाळं, हातात दोऱ्याचा गुंता. तिने तो गुंता नकळत बोटांभोवती नीट गुंडाळायला सुरुवात केली, अगदी सफाईने, आणि एकदम थांबली. तिने हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही नुसते बसा. चहा घ्या, कप ठेवा, वाचत राहा. मी कट म्हणेपर्यंत हलू नका. कप नंतर कॉम्प्युटरवर सरकवता येतो का बघते. आई, तू आतच थांब, आवाज करू नकोस. हा शेवटचा."

बाकीच्या मंडळींना बाहेर काढलं. मी बसलो. शेवटचा चहा पटकन प्यायलो, कारण अंगात उत्साह भरला होता. कप खाली ठेवला आणि पेपर उघडला. आता मी तुम्हाला खरं सांगतो. दोन दिवस तेच पान समोर धरल्यामुळे कोड्यातला एक शब्द सोडून सगळे शब्द मला आले होते. सूचना होती, 'खडबडीतच्या उलट'. इतकी साधी गोष्ट, आणि दोन दिवस आठवत नव्हती. त्या क्षणी मी फिल्म, बॅटरी, मुलगी, सगळं विसरलो आणि त्या शब्दामागे लागलो. आणि तो सुचला. गुळगुळीत! सकाळपासून आपण स्वतःच तसे आहोत, आणि आपल्याला शब्द सापडू नये! मला मनातल्या मनात हसू आलं.

"आई!"

मुलगी इतक्या मोठ्याने ओरडली की मी खरोखरच दचकलो. पण तोवर बॅटरी संपून कॅमेरा बंद झाला होता. मी वर पाहिलं. टेबलावर कप नव्हता. कप माझ्या पाठीमागच्या दारात, बायकोच्या हातात होता.

"तू आत होतीस ना? हात कशाला घातलास? सगळं गेलं! आता कॅमेराही बंद!"

बायकोने हातातल्या कपाकडे असं पाहिलं, जणू तो तिथे कसा आला हे तिलाही उमगत नव्हतं. "अगं, कप रिकामा झाला होता," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

फोकसने पहिल्यांदाच तोंड उघडून पूर्ण वाक्य उच्चारलं. "काकूंचा हात आला आणि कप घेऊन गेला. काकांना कळलंच नाही."

"मला कळलं होतं," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

त्या रात्री जेवणं झाली ती नावाला. मुलगी आपल्या खोलीत दार लावून बसली. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. मी तिला म्हटलं, अगं जाऊ दे, तर म्हणाली, "गोष्टीत आई नाही म्हणून सांगितलं होतं तिने. एवढं साधं मला पाळता आलं नाही. पोरगी पुन्हा वायरी गुंडाळणार, माझ्यामुळे." ती काही रडली नाही, पण सकाळी मी उठलो तेव्हा तो कप ओट्यावर तसाच पडलेला होता, तळाशी चहाचा डाग सुकलेला. आमच्या संसारात न धुतलेला कप मी प्रथमच पाहिला. मला फार वाईट वाटलं. मी तो धुवायला घेतला आणि मग बायकोला आवडणार नाही म्हणून पुन्हा जागेवर ठेवला.

मुलगी कॅमेरा परत करायला गेली. पुढचे दिवस ती कॉलेजातच असायची, जुळवाजुळव करत. घरी येऊन काही सांगायची नाही. आम्हीही विचारत नव्हतो. बायको मात्र त्या दिवसांत टेबलापाशी आली की हात मागे बांधून उभी राहायची.

सुरुवाती दाखवायच्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. "मी नाही येत," बायको म्हणाली. मुलगी म्हणाली, "तू यायचंसच." तिच्या स्वरावरून काही कळेना. सभागृहात आम्ही मागच्या बाजूला बसलो. आमच्यासोबत तिसरा शिपाई होता आणि सचिवही. आपलं कोपर पडद्यावर येणार हे त्यांना कुठून तरी कळलं होतं.

आमची सुरुवात लागली. अंधार, जिना, मी. सचिवांनी कोपर आल्याबरोबर सगळ्यांना खुणेने दाखवलं. मी कुलूप उघडलं. मी चहा केला, म्हणजे माझी पाठ दिसली आणि कप दिसला. मी बसलो. आणि मग तो शेवटचा टेक आला, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही तुकडा न कापता. घरात शांतता. माणूस घोट घेतो. कप ठेवतो. पेपर उघडतो. काही होत नाही. नुसता तो माणूस आणि पेपर. सभागृहातही कुणी हलेना. आणि त्याच्या पाठीमागच्या अंधारातून, सावकाश, एक हात येतो. बांगडी नाही, बाही नाही, नुसता हात. टेबलावरून तो अलगद कप उचलतो. माणसाला पत्ताच नाही. हात कपासह अंधारात परत जातो. आणि नेमका त्याच क्षणी तो माणूस पेपरात बघून समाधानाने हसतो.

सगळं सभागृह किंचाळलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीचा हात धरला. सचिव उभे राहिले. पडद्यावर अंधार झाला आणि नाव आलं: 'एकटा'.

त्या किंकाळ्या विरल्या तेव्हा बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "यात ओरडायला काय झालं? कप रिकामा झाला होता." पण ती इतक्या हळू काही बोलत नाही. आमच्या पुढचे चार-सहाजण वळले. कुणीतरी विचारलं, "तो हात तुमचा?" आणि मग सगळं सभागृह हसायला आणि टाळ्या वाजवायला लागलं. आमची मुलगी पुढून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता तिच्या केसांतली एक काडी काढत होती.

सर माझ्यापाशी आले. "हात येतो तेव्हाचं तुमचं ते हसू," ते म्हणाले, "अंगावर काटा आला. असा माणूस आहे की त्याला हाताची इतकी सवय झालीय, तो येतो हे त्याला जाणवतसुद्धा नाही. काय विचार करत होतात तेव्हा?"

"एकाकीपणा," मी म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तिसरा शिपाई मान डोलावत म्हणाला, बातमी नक्की केल्याचा फायदा.

आमच्या मुलीची सुरुवात निवडली गेली. आता पूर्ण फिल्म होणार आहे आणि इतर मुलं तिच्या वायरी गुंडाळणार आहेत. त्या गुंडाळायच्या कशा, हे ती त्यांना स्वतः दाखवते आणि मला वाटतं जरा जास्तच प्रेमाने दाखवते. गोष्ट मात्र तिने बदलली. आता ती सबंध गोष्ट त्या हाताची आहे. श्रेयनामावलीत 'हात' सर्वांत वर आहे. माझं पात्र दुसऱ्याच प्रसंगात मरतं. याबद्दल मी दिग्दर्शिकेशी बोललो, तर ती म्हणाली, "बाबा, मरताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, बस." बायकोने आपल्याला अजिबात वेळ नाही असं सांगितलं आणि मग शनिवारी दुपारी जमेल असंही सांगितलं. सध्या ती हाताला रोज क्रीम लावते.

कालची गोष्ट. संध्याकाळी ऑफिसातून आलो, चहा घेतला, कप टेबलावर ठेवला आणि पेपर उघडला. या वेळी मी वाचत नव्हतो. पेपराच्या कडेवरून हळूच कपाकडे बघत होतो. इतकी वर्षं तो उचलला जात होता आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं, सभागृहात पडद्यावर पाहिलं तेवढंच. थोडा वेळ गेला. मग पाठीमागून तो हात आला. बोटांना ओलसर वास होता, क्रीमचा आणि साबणाचा. मी पेपर खाली घेतला आणि कपावरच तिचा हात धरला.

"आलीस?" मी म्हणालो.

"मग दुसरं कोण येणार?" ती म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.